तीन दारांचा परवाना

घरात पट्ट्या येऊन अकरा आठवडे झाले होते. दारांपर्यंत मात्र त्या अजून पोचल्या नव्हत्या. सोफ्याखालच्या लांबुडक्या खोक्यात त्या सुखाने लोळत होत्या आणि तीन दारांतल्या तीन फटी आ वासून त्यांची वाट बघत होत्या.

फटी कुणी मुद्दाम पाडल्या नव्हत्या. हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत नवं लाकडी फ्लोअरिंग घातलं होतं. स्वयंपाकघरात आणि मधल्या बोळात जुनीच फरशी होती. लाकडाला फुगायला जागा लागते म्हणून कारागिरांनी प्रत्येक दारात बोटभर फट सोडली, भुसा झाडला आणि चपला घालता घालता सांगितलं, "वरून पट्टी मारून घ्या. ते आमच्यात येत नाही." फरशी लाकडापेक्षा आठ मिलिमीटर उंच. मोठ्या माणसाला ठेच लागायला एवढं पुरतं. दहा महिन्यांच्या रांगत्या बाळाला तर तो डोंगरकडाच, आणि त्याची धार कापलेल्या पत्र्यासारखी. शिवाय फटीत काय काय साठायचं! एकदा याच बाळाच्या, म्हणजे गुंडीच्या, मुठीतून तिच्या आईने स्टेपलरची पिन काढली होती. त्या दिवसापासून आईने ठरवलं, पोरीला दार ओलांडू द्यायचं ते फक्त उचलून. हॉलमधून बोळात, उचल. बोळातून खोलीत, उचल. हॉलमधून स्वयंपाकघरात, उचल. साडेनऊ किलोचं ते गाठोडं दिवसातून साठ वेळा उचलून गुंडीच्या आईची कंबर तिच्या वयाच्या दुप्पट झाली होती.

आता कुणी म्हणेल, तीन पट्ट्या त्या काय, तासाभराचं काम. तसं म्हणणाऱ्याला गुंडीचे बाबा माहीत नाहीत.

गुंडीचे बाबा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. तिथे त्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणायचे, समोर आदराने आणि पाठीमागे वेगळ्या सुरात. माणूस वाईट नव्हता. फक्त जगातल्या प्रत्येक वस्तूकडे तो ती आपल्या डोक्यावर कधी पडेल या नजरेने बघायचा. लग्न ठरलं तेव्हा गुंडीच्या आईला हे फार आवडलं होतं. ती स्वतः जात्याच घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला जिन्यातून तीनदा परत येणारी. अशा बाईला सुरक्षा अधिकारी नवरा म्हणजे देवच पावला, असं तिला वाटलं. काळजी करणं आणि काम करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिला लग्नानंतर कळलं.

"अरे, कुणाला तरी बोलावू या ना. येईल सुतार, ठोकून जाईल," ती पहिल्या आठवड्यात म्हणाली होती.

"बाहेरचा माणूस? हातात ड्रिल घेऊन? लहान मूल असलेल्या घरात?" साहेबांनी एकेक शब्द असा उच्चारला, की तिला आपण दरोडेखोराला जेवायला बोलावतोय असं वाटलं. "मी करतो. फक्त रीतसर करू."

रीतसर म्हणजे काय, ते पुढच्या दहा आठवड्यांत दिसलं. आधी 'धोका मूल्यांकन' नावाचा चार पानी तक्ता तयार झाला. मग तिन्ही दारांना क्रमांक पडले. मग प्रत्येक दाराशी एक पिवळा त्रिकोणी फलक उभा राहिला, 'सावधान, पातळीत फरक'. तो फलक गुंडीने दुसऱ्या दिवशी चावून त्याचा कोपरा मऊ केला. फलकाला अडखळून साहेबच एकदा पडता पडता वाचले, तेव्हा त्यांनी फलकाचंही मूल्यांकन केलं.

हे सगळं एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण गुंडीच्या आईला सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. बाळंतपणाची रजा संपली, ती तिने एकदा वाढवून घेतली, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तिच्या प्रमुख बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सोमवारी या. नाही आलात तरी माझी हरकत नाही, तुमच्या टेबलाशी बसायला दोघीजणी तयार आहेत." त्या गोड आवाजाने तिची झोप उडाली होती. पाळणाघरात जागा नव्हती. उरला एकच मार्ग, घरी येऊन सांभाळणाऱ्या मावशी. मोठ्या मिनतवारीने एक मिळाल्या. गुरुवारी त्या घर बघायला आल्या.

मावशी साठीच्या, ठेंगण्या, पण चालण्यात ठसका. पर्स खांद्याला तशीच ठेवून त्या खोलीखोलीतून फिरल्या. पहिल्याच दारात त्यांचा पाय अडकला. त्यांनी चौकटीला धरलं, खाली बघितलं, मग त्रिकोणी फलकाकडे बघितलं.

"ताई, हे काय आहे?"

"तिथे पट्टी बसायची आहे, मावशी. आणून ठेवल्यात."

"कधी आणल्यात?"

गुंडीच्या आईला खोटं बोलता येत नसे. "अकरा आठवडे झाले."

मावशींनी तिच्या कडेवरच्या गुंडीकडे पाहिलं. "आणि ही रांगायला लागून?"

"दहा."

"म्हणजे पट्ट्या तिच्या आधी आल्या आणि मागे राहिल्या." मावशी फलक उचलून उलटसुलट बघत म्हणाल्या, "हे छान आहे. हे कुणी केलं?"

"मी," साहेब आतून अभिमानाने म्हणाले.

"हे लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पट्टी लागली असती, साहेब." मावशींनी फलक जागेवर ठेवला. "हे बघा ताई, मी आडपडदा ठेवत नाही. माझे गुडघे गेलेले. पोरीला खाऊ घालीन, झोपवीन, ती रडली तर तिच्याबरोबर गाईनसुद्धा. पण दार आलं की उचल, दार आलं की उचल, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. आणि मी स्वतः पडले तर मला कोण उचलणार? सोमवारी साडेसातला येते. पट्ट्या असल्या तर थांबते. नसल्या तर चहा घेते आणि जाते. पलीकडच्या गल्लीतून मला बोलावणं आहेच."

त्या गेल्यावर साहेब म्हणाले, "बाईंचं धोक्याविषयीचं आकलन चांगलं आहे."

"शनिवारी बसव," गुंडीची आई म्हणाली.

तिच्या आवाजात असं काही होतं, की साहेबांनी तक्ता उघडण्याआधीच मान डोलावली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता काम सुरू झालं. म्हणजे कामाआधीची सभा सुरू झाली. कारखान्यात कुठलंही काम हाती घेण्याआधी कामगारांना गोळा करून धोके समजावून सांगतात; इथे कामगार म्हणून गुंडीची आई होती आणि तिच्या मांडीवर गुंडी. साहेब हेल्मेट घालून हॉलच्या मधोमध उभे राहिले. खाली जमिनीवर काम, छपरावरून काही पडायची शक्यता शून्य, तरी हेल्मेट. त्यांनी ड्रिलचे सात धोके सांगितले, करवतीचे पाच, धुळीचे चार. मग हजेरीचा कागद पुढे केला. गुंडीच्या आईने सही केली. गुंडीच्या नावापुढे साहेबांनी शेरा मारला, 'हजर, परंतु लक्ष नाही'.

त्यानंतर परवाना. काम करण्यासाठी लेखी परवाना लागतो, आणि तो 'क्षेत्रप्रमुखा'ने द्यायचा असतो.

"क्षेत्रप्रमुख कोण?"

"घरात तूच."

"मग क्षेत्रप्रमुख म्हणून सांगते, कर सुरू."

"तोंडी चालत नाही."

तिने सही केली. साहेबांनी पिवळी-काळी रिबीन काढली आणि पहिल्या दाराच्या चौकटीला गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी बांधली. मग दुसऱ्या दाराला. मग तिसऱ्या. घर एखाद्या गुन्ह्याच्या जागेसारखं दिसायला लागलं. स्वयंपाकघरात जायचं तर आता रिबिनीवरून ढांग टाकावी लागे. हे सगळं होईपर्यंत साडेअकरा वाजले.

"जरा चहा मिळेल का?" साहेब गुडघे टेकत म्हणाले. त्यांनी पट्टीचं खोकं उघडलं, फटीत खिळा धरला आणि ड्रिल घसरू नये म्हणून खूण करायला हातोडी उचलली. अकरा आठवड्यांत हातोडी पहिल्यांदाच खिळ्याच्या इतक्या जवळ आली होती.

गुंडीची आई कप घेऊन निघाली. रिबिनीवरून एक पाय टाकला, दुसरा अडकला, कप बशीत खडखडला, साहेबांनी मान वर केली आणि हातोडी अंगठ्यावर आली.

फार काही झालं नाही. नखाशेजारी जरासं लाल. गुंडीने ते पाहून टाळ्या वाजवल्या. पण साहेबांनी हातोडी खाली ठेवली, हातमोजे काढले, हेल्मेट काढलं.

"काम बंद."

"अरे, पाणी लाव थोडं, आणि..."

"घटना घडली आहे. घटनेचा तपास होईपर्यंत काम पुढे नेता येत नाही. हा नियम मीच लिहिलाय, मीच कसा मोडू?"

तपास जेवणाच्या टेबलावर झाला. पद्धत ठरलेली होती: कुठल्याही अपघाताचं मूळ शोधायचं तर पाच वेळा 'का' विचारायचं. साहेब स्वतःच विचारत होते, स्वतःच लिहीत होते.

"अंगठ्याला का लागलं? कारण नजर हटली. नजर का हटली? कारण कपाचा आवाज झाला. आवाज का झाला? कारण कप आणणारी व्यक्ती अडखळली. का अडखळली? कारण तिचा पाय रिबिनीत अडकला. का अडकला?" पेन क्षणभर थांबलं. "कारण सदर व्यक्तीने प्रतिबंधित क्षेत्रात विनापरवानगी प्रवेश केला."

आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मूळ कारण सापडलं होतं. ते समोरच्या खुर्चीत बसून बाळाला भरवत होतं.

"आता सहावं विचार," मूळ कारण म्हणालं. "प्रवेश का केला?"

"काय?"

"चहा कुणी मागितला? विचार ना. आणि सातवं, रिबीन कुणी बांधली?"

"पद्धत पाचाची आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "जगभर."

गुंडीच्या आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. कारखान्यात दरवर्षी किती माणसांची बोटं या पाचव्या 'का'पाशी येऊन अडकत असतील, आणि त्यांच्या खाली कशा सुबक दोन रेघा ओढल्या जात असतील, असं तिच्या मनात आलं. सहावा 'का' कुणातरी साहेबाच्या केबिनपर्यंत पोचतो, म्हणून मोजणी पाचावर थांबते.

"मग पट्ट्या कधी?"

"अहवाल सोमवारी टाइप करतो. सुधारणा सुचवायच्या, त्या अमलात आणायच्या... पुढचा शनिवार नक्की."

"सोमवारी मावशी येणार आहेत."

"त्यांना मी समजावीन. त्यांना या विषयाची जाण आहे."

ओरडावं तर गुंडी दचकेल, रडावं तर साहेब त्याचीही नोंद करतील. तिने फक्त टेबल पुसलं, जरा जास्त जोर लावून.

रविवारी सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेले. तिथे सुरक्षा सप्ताहाचा समारोप होता आणि त्यांचं भाषण होतं. विषय: 'सुरक्षेची सुरुवात घरापासून'. जाताना ते तिन्ही रिबिनींवरून मोठ्या सराईतपणे ढांगा टाकत गेले.

दार लागलं. गुंडीच्या आईने सोफ्याखालून खोकं ओढलं, एक पट्टी काढून फटीवर ठेवली आणि वाकून बघितलं. पट्टी फरशीवर टेकत होती आणि लाकडावर अधांतरी तरंगत होती. पट्टी होती सपाट! दोन्ही बाजू एका पातळीत असल्या तरच बसणारी. अकरा आठवडे, चार पानी तक्ता, तीन क्रमांक, सात धोके, आणि पट्टीच चुकीची.

तिने गुंडीला कडेवर घेतलं, खोकं काखोटीला मारलं आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेली. रविवारी दुकान एक वाजेपर्यंत उघडं असे.

दुकानदाराने खोकं बघताच ओळखलं. "हे ते हेल्मेटवाले साहेब घेऊन गेले होते ना?"

"हो. आमचेच."

"वहिनी, त्यांनी मला पाऊण तास उभं केलं होतं. त्या तिकडे आग विझवायची नळकांडी आहे ना, तिची तारीख बघितली, पिन बघितली, वजन करून बघितलं. मला म्हणाले, तुमच्या दुकानात बाहेर पडायचा रस्ता दाखवणारा बाण नाही. मी म्हटलं, साहेब, दुकानाला दार एकच आहे, त्यातूनच तुम्ही आलात. मग बाण काढायला बसले." त्याने फळीखाली खडूने काढलेला बाण दाखवला, तो अजून होता. "पट्टी कसली हवी विचारलं, तर म्हणाले, द्या कुठलीही चांगली. त्यांचं लक्ष नळकांडीकडे."

गुंडीच्या आईला हसावं की रडावं कळेना. तिने एका श्वासात सांगितलं: फरशी उंच, लाकूड खाली, आठ मिलिमीटर, तीन दारं, उद्या सकाळी साडेसात.

"मग तुम्हाला उताराची लागणार. बदलून देतो." त्याने आतून दुसऱ्या तीन जोड्या आणल्या. खाली ॲल्युमिनियमची एक चपटी बैठक, वर तिच्यात खटकन बसणारा उतरता पाट. "बैठक फटीत, सिमेंटात स्क्रू. लाकडात एकही स्क्रू मारायचा नाही, नाहीतर लाकूड अडकेल आणि फुगून वर येईल. आधी भोक, मग ही प्लास्टिकची गिट्टी, मग स्क्रू. वरचा पाट हाताने दाबून बसवायचा. बसला की आवाज येतो."

"ड्रिल खोल गेलं तर? खाली पाण्याचा पाइप असला तर?"

"किती खोल जायचं तेवढं अंतर ड्रिलच्या टोकापासून मोजा आणि तिथे चिकटपट्टी गुंडाळा. चिकटपट्टी जमिनीला टेकली की थांबायचं." त्याने गुंडीला एक रिकामी डबी खुळखुळायला दिली. "येईल तुम्हाला. घाबरणारी माणसं भोकं चांगली पाडतात. बिनधास्त माणसंच पाइप फोडतात."

घरी आल्यावर तिने गुंडीला उंच खुर्चीत बसवून पट्टा लावला आणि खुर्ची स्वयंपाकघरात अशा जागी ठेवली, की नजरेआड होणार नाही आणि धूळही पोचणार नाही. मग तिने कात्रीने तिन्ही रिबिनी कापल्या. कात्रीचा तो आवाज तिला फार दिवस आठवत राहणार होता.

तिने नवऱ्याचा गॉगल चढवला. हातमोजे घातले. हेल्मेटकडे बघितलं, क्षणभर विचार केला आणि तेही घातलं. मनातल्या घाबरट बाईला रजा मिळाली नव्हती. परवान्याचा कोरा कागदही तिने पुढे ओढला. रीत म्हणजे रीत. अर्जदार म्हणून सही केली, क्षेत्रप्रमुख म्हणूनही केली. 'कामातील मुख्य धोका' या रकान्यात लिहिलं, 'काम पुरं होण्याआधी नवरा घरी येणे'. 'धोका टाळण्याचे उपाय' मध्ये लिहिलं, 'भरभर हात चालवणे'.

पहिलं दार मोजलं. वरून एक माप आलं, खालून दुसरं. चौकट जरा तिरकी होती. परत मोजलं. परत. चौथ्यांदा टेप लावताना तिला जाणवलं, की अशीच मोजत राहिले तर मीही पुढच्या शनिवारवर जाईन. तिने जीभ चावली, पेन्सिलीने खूण केली आणि हॅक्सॉ चालवला. ॲल्युमिनियम किंचाळलं. कापलेल्या टोकाला कुसळं राहिली होती, ती तिने कानशीने घासली, बोट फिरवलं, पुन्हा घासली, आणि गाल लावून बघितला. गुंडीचा गाल जिथे लागू शकतो तिथे आपला आधी लागलेला बरा.

ड्रिल तिने दोन्ही हातांनी धरला. बटण दाबलं आणि सगळं घर गुरगुरलं. तिने धसकून गुंडीकडे बघितलं. गुंडीने डोळे विस्फारले, खालचा ओठ बाहेर काढला, रडायची सगळी तयारी केली, आणि मग खदखदून हसली. ड्रिल थांबला की ती खुर्चीवर हात आपटायची, सुरू झाला की हसायची. दुसऱ्या दारापर्यंत ती कंटाळली आणि तिसऱ्या दाराच्या पहिल्या भोकाला मान टाकून झोपली. एरवी चमचा पडला तरी उठणारी पोर!

एका दाराला तीन, अशी नऊ भोकं. प्रत्येक वेळी चिकटपट्टी जमिनीला टेकली की तिचा श्वास सुटायचा. पाणी कुठूनही आलं नाही. एक गिट्टी वाकडी बसली, ती पकडीने उपटून दुसरी ठोकली. दुसऱ्या दाराची पट्टी तीन मिलिमीटर आखूड कापली गेली. तिथे ती दोन मिनिटं तशीच खाली बसून राहिली आणि आपण नोकरीला नालायक, आई म्हणून नालायक, अशी स्वतःची यथेच्छ हजेरी घेतली. मग दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, ते तीन मिलिमीटर चौकटीच्या सावलीत जातात. देवालासुद्धा दिसत नाहीत." दोनला पाच मिनिटं असताना तिसऱ्या दाराचा पाट खटकन बसला. तिने ओल्या फडक्याने सगळं पुसलं, तळहात फरशीवरून लाकडावर घसरवत नेला. अडखळला नाही. तिने तो उगाचच आणखी दोनदा नेला.

साहेब चारला आले. काखेत लाकडी ढाल, गळ्यात हार. आतल्या पहिल्या दारातून ते रिबिनीसाठी पाय उंच उचलून पलीकडे गेले. रिबीन नव्हती, त्यामुळे पाणी आटलेल्या तळ्यातल्या बगळ्यासारखे दिसले.

"हे कुणी केलं?"

"क्षेत्रप्रमुखांनी."

ते वाकले. पट्टीवर बोट फिरवलं, कडा तपासल्या, नख घालून बघितलं. उणीव सापडेना तसतसा त्यांचा चेहरा पडत गेला. तिला एक क्षण त्यांची दया आली. एकच क्षण.

"गॉगल घातला होतास?"

"गॉगल, मोजे, हेल्मेट. परवाना टेबलावर आहे."

त्यांनी परवाना वाचला. मुख्य धोक्याच्या रकान्याशी थांबले. मग पुन्हा वाचला. "हे असं लिहीत नाहीत," ते हळूच म्हणाले.

"का?"

त्यांनी परवान्याची घडी घालून तो खिशात ठेवला. बहुधा पहिल्याच 'का'ला उत्तर सापडलं नव्हतं. थोड्या वेळाने ते मोबाइल घेऊन आले आणि तिन्ही दारांचे फोटो काढू लागले. "भाषणानंतर लोक विचारत होते, घरी तुम्ही नेमकं काय केलंत म्हणून. कारखान्याच्या मासिकाच्या पुढच्या अंकात छापायला हे देता येईल."

"खाली कुणाचं नाव टाकणार?"

"लेख माझा आहे," ते म्हणाले, आणि तिची नजर बघून पुस्ती जोडली, "फोटोत तुझा पाय आलाय. तो राहू देतो."

सोमवारी मावशी साडेसातला पाच कमी असतानाच आल्या. पर्स खांद्याला तशीच. पहिल्या दारात उभ्या राहून त्यांनी टाच पट्टीवर रोवली, मग चवडा, मग सगळा भार. दुसऱ्या दारात तसंच. तिसऱ्या दारात पट्टी 'टक्' वाजली. मावशी कण्हत खाली बसल्या, मुठीने एका टोकाला दणका दिला, पुन्हा टाच ठेवली. आवाज नाही.

"कुणी बसवली?"

"मी."

"वाटलंच." मावशींनी पर्स खुंटीला अडकवली. गुंडीच्या आईला आयुष्यात कुठलीही पर्स इतकी सुंदर दिसली नव्हती.

तिने गुंडीला हॉलमध्ये खाली सोडलं. बोळातून कामावर न्यायची पिशवी आणायची, डबा घ्यायचा आणि सुटायचं. गुंडी तिच्या मागून रांगत निघाली, धपाधप, धपाधप, आणि दाराशी येऊन थांबली. पट्टीच्या वीतभर अलीकडे बैठक मारली आणि दोन्ही हात वर केले.

दार आलं. आता उचला.

पट्ट्या लावल्या, भोकं पाडली, कडा घासल्या. पोरीला ही सवय कुणी लावली, याचा तक्ता कुणीच केला नव्हता. ती वाकून उचलायला धावली. मावशींनी आडवा हात धरला.

"बस किती वाजता आहे?"

"आठ दहाला. पण मावशी, ती..."

"आता वाजले आठ. तिला बघू दे."

गुंडीने हात वर धरून वाट बघितली. कुणी येईना, तशी ती चिडून एकदा ओरडली. मग पुढे झुकली, चकाकणाऱ्या पट्टीवर एक पंजा मारला, गार लागल्यावर काढून घेतला, पुन्हा मारला. मग ओणवी होऊन पट्टी चाटायला लागली.

"अगं बाई!" आई म्हणाली.

"पुसलीय ना?"

"तीनदा. साबणानेही."

"मग चाटू दे. जा तुम्ही." मावशींनी डबा तिच्या हातात कोंबला. "मागे वळून बघत बसलात तर तीही बघत बसेल. मग तुम्हाला उद्यापण सुटका नाही."

ती दाराबाहेर पडली. गुंडी पलीकडे गेली की नाही, ते तिला दिसलं नाही. पायरीवर पाय थांबला, पण ती मागे वळली नाही. ओठ घट्ट मिटून पुढची पायरी उतरली. वरून साहेबांचा आवाज आला, "मावशी, तिला निदान हातमोजे घालू या का? मापाचे मिळतील..." आणि त्यावर मावशींचा, ठणठणीत: "साहेब, तुम्हालाही कामावर जायचं असेल ना? मग निघा."

मग धपाधप, धपाधप. कुठल्या बाजूने कुठे, ते जिन्यातून कळत नव्हतं. गुंडीची आई दोन दोन पायऱ्या गाळत खाली पळाली. जिन्यात पळू नये, अशी पाटी दर मजल्यावर लावलेली होती आणि खाली तिच्याच नवऱ्याची सही होती.